अकराव्या वर्षाचे सदतीस

"हा आकडा पाहिलात का, मॅडम? सगळ्या वहीत सोनं आहे ते एवढंच."

संशोधक मुलीने वहीच्या मधल्या पानावर बोट ठेवलं. ताईंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पण पानाकडे पाहिलं नाही. त्या वहीत पंचवीस वर्षांच्या पंचवीस ओळी होत्या आणि बोट कितव्या ओळीवर असणार हे त्यांना न पाहता कळत होतं.

"मॅडम वरच्या मजल्यावर बसतात," त्या म्हणाल्या. "मला सगळे ताई म्हणतात. पाठीमागे सुईताई म्हणतात, तेही माहीत आहे मला."

मुलगी हसली. मुलगी म्हणायचं ते ताईंच्या वयाच्या मानाने. ती तिशी ओलांडलेली होती, घरी चार वर्षांचं लेकरू होतं आणि विद्यापीठात डॉक्टरेटचं शेवटचं वर्ष चालू होतं. गेले तीन आठवडे ती रोज रस्ते खात्याच्या या तपासणी प्रयोगशाळेत येत होती.

"बरं, ताई. ऐका. पहिल्या वर्षी चव्वेचाळीस. मग चाळीस, मग अडतीस. असं उतरत उतरत दहाव्या वर्षी एकोणतीस. आणि अकराव्या वर्षी एकदम सदतीस. बाराव्याला परत सत्तावीस. डांबर कधी तरुण होतं का?"

"नाही होत."

"पण इथे झालंय! मी जुन्या फायली काढल्या. त्याच वर्षी पुढचा पूल दुरुस्तीला बंद होता आणि सगळी जड वाहनं पाच महिने या मागच्या रस्त्यावरून गेली. म्हणजे चाकांनी रस्ता मळला गेला आणि डांबर उलटं फिरलं. माझं अख्खं चौथं प्रकरण यावर उभं आहे. सर तर म्हणाले, असं कोणी दाखवलेलंच नाही."

ताईंनी पाण्याच्या टाकीतला तापमापक पाहिला. पंचवीस. तो पंचवीसच असणार होता, पाच मिनिटांपूर्वीच पाहिला होता.

डांबराचं वय सुईने मोजतात. पंचवीस अंशांच्या पाण्यात डांबराची डबी ठेवायची, वजनासकट शंभर ग्रॅम भरणारी सुई तिच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकवायची आणि पाच सेकंद मोकळी सोडायची. ती जितके दशांश मिलिमीटर आत जाईल तो आकडा. नव्या डांबरात सुई साठ-पासष्टपर्यंत जाते. मग ते डांबर तापवतात, खडीत घोळवतात, रस्त्यावर अंथरतात, आणि तिथून पुढे हवा त्याला वर्षानुवर्षं खात राहते. हलकी तेलं उडून जातात, उरलेलं प्राणवायूशी जुळत जुळत जडावतं. सुई दर वर्षी थोडी कमी आत जाते. जुनं डांबर दिसायला मजबूत दिसतं, आणि एका अर्थी असतंही. त्याच्यावरून चाक गेलं तर ते दबत नाही. पण नवं डांबर दबतं, पसरतं, अंगावर आलेला ताण हळूहळू सोडून देतं. जुनं तो धरून ठेवतं. आणि एखाद्या थंड पहाटे रस्त्यावरून काहीही जात नसताना ते तडकतं.

ताई नोकरीला लागल्या त्या वर्षी प्रयोगशाळेच्या मागचा हा रस्ता नवा झाला. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी त्यांना खिडकीशी बोलावून सांगितलं, "या रस्त्याचा दर वर्षी याच महिन्यात एक कोअर काढा. डांबर वेगळं करा, सुई टाका आणि लिहून ठेवा. मी मागेन तेव्हा द्या." कोअर म्हणजे रस्त्यातून यंत्राने कापून काढलेला गोल तुकडा, वीतभर रुंदीचा. दीड वर्षात साहेबांची बदली झाली. त्यांनी कधी वही मागितली नाही. नंतर आलेल्या साहेबांना असं काही चालू आहे याचा पत्ता नव्हता. पण बंद करा असं कोणीच म्हणालं नव्हतं. म्हणून ताई दर वर्षी ड्रिलवाल्याला सांगून एक कोअर काढून घेत, आणि वहीत एक ओळ वाढे.

ओव्हनमध्ये दाबाखाली ठेवलं तर डांबर वीस तासांत दहा वर्षांनी म्हातारं करता येतं. सगळे तेच करतात. खऱ्या पंचवीस वर्षांसाठी थांबायला कोणाला वेळ असतो? संशोधक मुलगी जुन्या तपासण्या शोधत आली तेव्हा ताईंनी लोखंडी कपाटातून ही वही काढून दिली होती. ती उघडून मुलगी बराच वेळ उभीच होती. "तुम्हाला माहीत आहे का हे काय आहे?" असं तिने विचारलं होतं. कोणीतरी वही मागायची वाट ताई पंचवीस वर्षं पाहत होत्या. देताना मात्र त्यांना अकरावी ओळ आठवली होती.

आता मागचा रस्ता खरवडून नवा करायचा ठरला होता. परवा सकाळी मशीन येणार होतं. सव्विसावी ओळ शेवटची.

*

ताईंचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झाले होते. ताई घरी पोचल्या तेव्हा ते ओट्याशी उभे राहून दोडक्याच्या शिरा काढत होते.

"अहो, आई गेली त्या दिवशी तुम्ही लॅबमध्ये फोन केलात, तो किती वाजता?"

त्यांचा हात थांबला. "आज काय त्याचं?"

"सांगा ना."

"दोन बावन्न."

"नक्की?"

"तीस वर्षं पत्रांवर वेळेचे शिक्के मारलेत मी. माझ्या डोक्यात वेळ चुकत नाही. डॉक्टर पावणेतीनला बाहेर आले, म्हणाले मुलीला बोलावून घ्या. फोनपाशी माझ्या पुढे एक माणूस होता. दोन बावन्न."

ताई खुर्चीत बसल्या. पिशवी मांडीवरच राहिली. "म्हणजे शेगडी मी पंचावन्नला बंद केली. सव्वातीनला करायची होती."

"कसली शेगडी?"

त्यांनी सांगितलं. रस्त्याचा तुकडा फोडून सॉल्व्हंटमध्ये टाकतात, डांबर विरघळतं, खडी खाली राहते. मग तो सॉल्व्हंट उकळून काढून टाकायचा असतो, पार शेवटच्या थेंबापर्यंत. अर्धा टक्का जरी मागे राहिला तरी डांबर आहे त्यापेक्षा मऊ लागतं. शेवटची वीस मिनिटं नुसतं बसून राहायचं असतं. फ्लास्कमध्ये तेव्हा काहीही होताना दिसत नाही, पण होत असतं.

"मी दहा दिवसांनी कामावर गेले, डबी उघडली, तर गोडसर वास आला. सॉल्व्हंटचा. तेव्हाच कळलं. दुसरा कोअर काढायचा तर ड्रिल बाहेरगावी गेलेलं, आणि का काढायचा ते कोणाला तरी सांगावं लागलं असतं. सुई टाकली, सदतीस आलं, लिहिलं. पुढे शेरा लिहायला हवा होता. नाही लिहिला."

"घरात मीठसुद्धा तू सपाट चमच्याने मोजतेस," ते म्हणाले. "आणि तू चुकलीस?"

"चुकले नाही. उठून आले."

ते दोडक्याकडे वळले. "कोणाच्या लक्षात आलंय?"

"नाही. उलट एकीला तो आकडा फार आवडलाय. छापून येणार आहे."

"मग राहू दे की. पंधरा वर्षं राहिलाच आहे."

"वहीत होता तोवर माझा होता. छापला की लोक त्याच्यावर पुढचं बांधतात."

"आणि सांगितलंस तर?"

"तर म्हणतील, एक चुकला तर बाकीचे चोवीस कशावरून बरोबर? आणि बरोबरच आहे त्यांचं. मीही तेच म्हटलं असतं. वही रद्दीत."

यजमानांनी सुरी धुतली, पुसली आणि जागेवर ठेवली. "निवृत्तीला किती महिने राहिले?"

"दोन."

"मग मला नको विचारूस," ते म्हणाले. "तू ठरवून आलीयेस. नुसती वेळ विचारायला आली होतीस."

*

सकाळी सात वाजता ड्रिलवाल्याने रस्त्याच्या डाव्या बाजूला पाण्याचा पाइप लावला आणि यंत्र टेकवलं. तो ताईंच्या बरोबरीने नोकरीला लागलेला, तोंडाने जरा सैल.

"दोन? दर वर्षी एक असतो ना, ताई?"

"या वर्षी दोन. शेजारी शेजारी काढ, वीतभर अंतरावर."

"जाता जाता हात मारून घेताय. उद्या तर सगळा रस्ताच खरवडणार आहेत, मग टोपलीने न्या."

"खरवडलेला चालत नाही. तो तापतो."

"ताई, लग्नात नवरीला एवढं निवडून घेत नाहीत." तो हसत हसत लिव्हर दाबत गेला. "घ्या. सव्वीस वर्षांत एकदा तरी सांगा, याचं तुम्ही करता काय?"

"सुई टोचते."

"ते माहितीये. पुढे?"

"पुढे लिहून ठेवते."

"बास?"

"बास."

त्याने मान हलवली. दोन्ही तुकडे पुसून त्यांच्या हातात दिले, अगदी अलगद, जसे तो गेली पंचवीस वर्षं एक एक देत आला होता.

संशोधक मुलगी साडेआठला आली. ताईंनी तिला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि काल यजमानांना सांगितलेली सगळी हकिकत चार वाक्यांत सांगितली. आईबद्दल सांगितलं नाही. वीस मिनिटं आधी उठावं लागलं, एवढंच.

मुलगी ग्लासाकडे बघत राहिली. "तीन आठवडे मी त्या आकड्यावर बोलतेय."

"हो."

"एकदाही बोलला नाहीत तुम्ही."

"तू विचारत नव्हतीस. सांगत होतीस." मग ताईंना आपला सूर कडक वाटला. "पण बोलायला हवं होतं. ती चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी."

मुलगी उठून बाहेरच्या व्हरांड्यात गेली. काचेतून ती फोनवर बोलताना दिसत होती. आधी उभी होती, मग पायरीवर बसली. पंधरा मिनिटांनी परत आली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं.

"चौथं प्रकरण गेलं," ती म्हणाली. "ते ठीक आहे. खोटं होतं तर जायलाच हवं. पण सर म्हणाले, एक चूक बाईंनी सांगितली, न सांगितलेल्या किती असतील कोण जाणे. चूक नेमकी काय होती आणि किती मोठी, ते दाखवता आलं तर वही वापरू. नाहीतर सगळीच सोडून द्यायची."

"दाखवता येईल."

"कसं? त्या वर्षीचं डांबर आता कुठे आहे?"

"डांबर नाही, पण चूक आहे," ताई म्हणाल्या. "ती पुन्हा करू. म्हणून तर दोन कोअर काढले."

*

दुपारी साडेबारापर्यंत दोन्ही तुकड्यांतलं डांबर विरघळून, गाळून, त्यातली बारीक धूळ बाजूला काढून तयार होतं. टेबलावर दोन फ्लास्क, दोन शेगड्या, दोन तापमापक आणि उरलासुरला सॉल्व्हंट हाकलणाऱ्या वायूच्या दोन नळ्या. पाच वाजता जी सुई पडणार होती तिचं सगळं भवितव्य त्या दोन काळ्या द्रवांत होतं, आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे होते. ताईंनी एका फ्लास्कला पांढरा दोरा बांधला. तो आधी बंद करायचा.

"तुम्हाला आठवतंय तेवढं सगळं तसंच हवं," मुलगी म्हणाली. ती आता वही घेऊन बसली होती. "शेगडी बंद केली म्हणजे नुसतं बटण, की फ्लास्क उचलला?"

"बटण बंद केलं. वायूची नळी काढली. फ्लास्क तसाच डबीत उलटा केला."

"गरम असताना? हाताने?"

"चिमट्याने. ओरखडा पडला डबीला. पर्स घेतली आणि निघाले."

"बस?"

"तीन पाचची. ती गेली असती तर पुढची तीन पंचेचाळीसला."

फ्लास्कमधला सॉल्व्हंट एक एक थेंब पलीकडच्या भांड्यात पडत होता. मग थेंब लांबले, मग थांबले. काचेच्या तळाशी काळं, चकचकीत, निवांत डांबर उरलं. पारा एकशे साठला जाऊन उभा राहिला. पाहणाऱ्याला वाटलं असतं, झालं. ताईंच्या कामातला अवघड भाग इथून पुढे सुरू होत असे.

घड्याळात वेळ आली तेव्हा मुलगी म्हणाली, "ताई, आता."

ताईंचा हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"ताई?"

"तू कर," त्या म्हणाल्या. "मला मुद्दाम नाही जमत."

मुलीने बटण बंद केलं, नळी काढली, चिमट्याने फ्लास्क उचलून डबीत ओतला. तिचा हात नवखा होता. थोडं डांबर डबीच्या काठावरून ओघळलं. दुसरी शेगडी चालूच होती. तिला अजून वीस मिनिटं होती.

दोघी स्टुलांवर बसल्या. खोलीत फक्त नळीतून जाणाऱ्या वायूचा बुडबुड आवाज.

"त्या दिवशी या वेळी मी जिन्यात होते," ताई म्हणाल्या.

मुलीने पेन खाली ठेवलं. या तीन आठवड्यांत ती एवढं शिकली होती.

"आईचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी झालं होतं. बरी होती. म्हणून मी कामावर आले. रजा शिल्लक होती, पण कोअर काढून झाला होता, आणि फोडलेला कोअर ठेवता येत नाही, त्याच दिवशी संपवावा लागतो. आमच्या यांचा फोन आला. मी फोन ठेवला आणि परत याच जागी आले. म्हटलं वीस मिनिटं. एवढी थांबते, मग निघते. बसलेसुद्धा. दोन मिनिटं बसले असेन. पारा बघत."

"मग?"

"मग बटण बंद केलं."

बाहेर कुठेतरी ट्रक मागे घेत असल्याचा टुंग टुंग आवाज येत होता. ताईंनी चालू फ्लास्कचा तापमापक पाहिला.

"पोचले तेव्हा जागी होती. दाराकडेच बघत होती. मला म्हणाली, 'आज लवकर सुटलीस?' मी म्हटलं, 'हो, आज काम लवकर संपलं.' म्हणाली, 'मग बस थोडी.' बसले. तिला माझे हात आवडायचे नाहीत, डांबर नखांत राहतं म्हणून. शाळेत असताना माझी नखं तीच कापायची. त्या दिवशी माझा हात हातात घेतला आणि एक एक नख बघत बसली. काही बोलली नाही. पाव तास झाला असेल. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपली."

वायू बुडबुडत राहिला.

"पुढची बस पकडली असती तर हे काहीच नव्हतं," ताई म्हणाल्या. "त्यामुळे त्या आकड्याचा मला कधी राग आला नाही. शेरा नाही लिहिला तोही त्याचमुळे असेल. लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का? आणि मी 'घाई झाली' म्हटलं असतं. ती घाई नव्हती."

मुलीने वहीत पाहिल्यासारखं केलं. ती काही लिहीत नव्हती.

"किती झाली?" ताईंनी विचारलं.

"एकोणीस मिनिटं."

"अजून एक."

त्या मिनिटभर दोघी फ्लास्ककडे पाहत बसल्या. त्यात काहीही होताना दिसत नव्हतं.

*

ओतलेल्या डब्या दीड तास हवेत आणि दीड तास पाण्यात निववाव्या लागतात. तेवढ्यात मुलीने लेखाची तळटीप करून पाहिली. "जमलं तर," ती म्हणाली आणि वाचून दाखवलं. "'अकराव्या वर्षाच्या नोंदीत तांत्रिक त्रुटी आढळली.'"

"तांत्रिक नको. यंत्रं ठीक होती."

"'मानवी त्रुटी'?"

"त्रुटीच नको. 'शेवटचा टप्पा वीस मिनिटे आधी थांबवण्यात आला होता.' एवढंच लिही. ज्याला कळायचं त्याला कळेल सदतीस का आलं."

"का थांबवला, असं परीक्षक विचारतील."

"विचारू दे. त्याने सुईला फरक पडत नाही."

मुलगी लिहिता लिहिता थांबली. "मी असते तर ती दोन मिनिटंही बसले नसते," ती म्हणाली.

"सव्वीस वर्षं कर हे काम, मग सांग," ताई म्हणाल्या, आणि मुलीला पहिल्यांदाच त्या हसताना दिसल्या.

पाचला पाच कमी असताना ताईंनी पूर्ण उकळलेली डबी सुईखाली घेतली. सुई पुसली, टेकवली, सोडली. एकवीस. दुसऱ्या जागी, एकवीस. तिसऱ्या जागी, वीस. सरासरी एकवीस धरायची. गेल्या वर्षी बावीस होते. सव्विसावी ओळ वहीत जायला तयार होती, वही राहिली तर.

मग पांढऱ्या दोऱ्याच्या फ्लास्कची डबी. झाकण काढताच तो गोडसर वास आला, आणि ताईंनी क्षणभर डोळे मिटले. सुई टेकवली. सोडली.

टाकीतलं पाणी शहारलं. त्यावर बारीक वर्तुळं उमटली आणि काठाला जाऊन आपटली. सुई थरथरत खाली गेली. चौतीस.

"चौतीस?" मुलगी म्हणाली.

"नाही. हा आकडा धरायचा नाही. जमीन हलतेय."

दोघी खिडकीशी गेल्या. मागच्या रस्त्यावर टोकाला खरवडणारं मशीन आलं होतं, घराएवढं, पिवळं. त्याचं दात्यांचं पिंप फिरत होतं आणि खालून काळा भुगा पट्ट्यावरून ट्रकमध्ये पडत होता. सोबत चार-पाच माणसं होती.

"उद्या सकाळी येणार होते ना?"

"आज नुसती चाचणी घेत असतील. थोडा पट्टा." ताईंनी घड्याळ पाहिलं. डबी पाण्यात ठरावीक वेळच ठेवता येते. तिच्यातला उरलेला सॉल्व्हंटही काही वाट बघत बसणार नव्हता. तो क्षणाक्षणाला उडत होता. उद्या याच डबीचा आकडा वेगळा आला असता आणि त्याचा काही उपयोग नव्हता. रस्ताही उद्या नव्हता, की तिसरा कोअर काढता येईल. "जा. त्यांना थांबायला सांग. सुई खाली जाईपर्यंत फक्त."

मुलगी धावली. ताई खिडकीतून बघत होत्या. ती हातवारे करत होती, चालक वरून कानाला हात लावून विचारत होता. आवाज अर्धा कमी झाला तेव्हा बोलणं ऐकू यायला लागलं.

"किती वेळ?" चालक ओरडून विचारत होता.

"पाच सेकंद. तीन वेळा!"

"पाच सेकंदांसाठी एवढं धूड बंद करू? काय चाललंय काय आत, बाळंतपण?"

"सुई टोचायचीये."

"कोणाला?"

तेवढ्यात ड्रिलवाला घरी जायला निघालेला, सायकल हातात धरून तिथे पोचला. "या रस्त्याला," तो म्हणाला. "सव्वीस वर्षं टोचतात. आज शेवटची आहे. बंद कर रे."

चालक थोडा वेळ तिघांकडे, म्हणजे या दोघांकडे आणि खिडकीतल्या ताईंकडे बघत राहिला. मग त्याने इंजिनच बंद केलं. पिंप फिरत फिरत थांबलं. पट्टा थांबला. ट्रकवाल्यानेही आपली गाडी बंद केली. फावडी घेऊन उभी असलेली माणसं आहेत तिथे उभी राहिली.

ताई आत वळल्या. टाकीतल्या पाण्याचं शेवटचं वर्तुळ काठाला लागून विरेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. सुई पुसली. टेकवली. आरशासारख्या पृष्ठभागावर सुईचं टोक आणि खाली तिचंच प्रतिबिंब, दोन्ही एकमेकांना भिडली.

सोडली. एक, दोन, तीन, चार, पाच.

अठ्ठावीस.

जागा बदलली. सुई पुसली. अठ्ठावीस.

बाहेर कोणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा सुई टेकवताना ताईंच्या मनात हिशोब झाला होता. एकवीसचे अठ्ठावीस. आणि अकराव्या वर्षी, एकोणतीस आणि सत्तावीस यांच्या मधल्या अठ्ठाविसाचे सदतीस. दोन्ही वेळा तिसरा हिस्सा वाढलेला, जवळजवळ नेमका. वीस मिनिटांची किंमत पंधरा वर्षांत बदलली नव्हती. तो आकडा नियमात बसत होता, आणि त्याच्या मागेपुढे उभे असलेले सगळे आकडे त्याच्याबरोबर बसत होते. पण तिसरी सुई टाकायची असते, म्हणून त्यांनी टाकली.

"अठ्ठावीस," रिकाम्या खोलीत त्या मोठ्याने म्हणाल्या.

त्यांनी तिन्ही आकडे लिहिले, तारीख घातली, सुई पुसून पेटीत ठेवली. मग त्या खिडकीपाशी गेल्या. रस्त्यावरची माणसं अजून तशीच उभी होती, सगळ्यांची तोंडं खिडकीकडे. मुलीने दोन्ही हात छातीशी धरले होते. ताईंनी तिच्याकडे पाहून मान हलवली. मग चालकाकडे पाहिलं आणि हात वर केला.

इंजिन सुरू झालं. मशीनने दात खाली टेकवले आणि सकाळी काढलेल्या दोन गोल खड्ड्यांवरून ते सावकाश पुढे सरकलं. टाकीतलं पाणी पुन्हा शहारायला लागलं. ताई खिडकीत उभ्या राहिल्या, पट्टा संपेपर्यंत.